उडवून घेतलेला रंग

काशिनाथ पेंटरच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ब्रश असायचा. चहाला कुठेही बसला की आधी त्या हॉटेलचा बोर्ड न्याहाळायचा. एखाद्या अक्षराचा रंग उडालेला दिसला, की चहा निवेपर्यंत पिशवीतली डबी उघडून ती जागा भरून टाकायचा. मालकाला विचारणं नाही, काही मागणं नाही. कोणी हटकलंच तर म्हणायचा, "बोर्ड तुझा असंल, पण अक्षर माझं हाय ना रे!"

शहापूरपासून मुरबाडपर्यंतच्या बहुतेक जुन्या पाट्या त्याच्या हातच्या. अक्षर देखणं, पण जागेचा अंदाज कच्चा. सुरुवात ऐसपैस करायचा आणि शेवटी पत्रा संपायचा. धसईच्या एका दुकानावर ‘किराणा व भुसार मालाचे व्यापा’ एवढं झोकात लिहून झालं आणि बिचाऱ्या ‘री’ला अंग चोरून उभं राहावं लागलं. मी हसलो, तर म्हणाला, "वाचता आलं ना तुला? मंग झालं तर."

माझं शहापुरात छपाईचं दुकान. मी फ्लेक्सचं मशीन आणलं तेव्हा वाटलं, हा आता माझं तोंड बघणार नाही. उलट तो रोज येऊन माझ्याच खुर्चीत बसू लागला आणि कॉम्प्युटरमधल्या अक्षरांना नावं ठेवू लागला. सगळ्यांत जास्त राग मुद्दाम झिजवलेल्या टाइपावर. जाड अक्षर, पण कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या, पोटात पांढरे ठिपके, मध्येच एखादी चीर. मिसळवाले, मसाल्याच्या पुड्या, सिद्धगडावर चढणाऱ्या पोरांचे टी-शर्ट, सगळ्यांना हाच टाइप हवा. दवाखान्याला मात्र कोणी मागत नाही. तिथं पडझड दिसली तर पेशंट पायरी चढायचा नाही. शोभतोही मोठ्या आकारातच. बारीक मजकुराला लावला की छपाई फसल्यासारखी दिसते.

"जुनं दिसायला आधी जुनं व्हावं लागतं, शेठ," काशिनाथ म्हणायचा. "ही तर पाळण्यातच म्हातारी झाली!"

हायवेवर विलासनं चुलीवरच्या जेवणाचं हॉटेल काढलं. चूल दर्शनी भागात आणि स्वयंपाक मागे गॅसवर. त्याला बोर्ड आजोबांच्या काळातला दिसायला हवा होता. मी लांबलचक पत्र्यावर तोच टाइप छापून दिला, रस्त्यावरून हातानं रंगवलेलाच वाटावा असा. काशिनाथ तेव्हा लेकीकडे धसईला गेला होता. परत आला तो दुकानात शिरतानाच म्हणाला, "हायवेला नवीन बोर्ड कुणाचा रे? पार उडालाय. लोकांना वाटंल माझंच काम."

मला चेष्टेची लहर आली. म्हटलं, "विलासचा. पहिल्याच आठवड्यात रंग गेला. तो तुझीच वाट बघतोय. जरा हात मार."

मला वाटलं, जाईल, विलास त्याला समजावेल, आणि आम्ही वर्षभर हसू. पण विलास त्या दिवशी नाशिकला होता. काशिनाथनं शिडी लावली आणि एकूण एक चीर, एकूण एक ठिपका भरून टाकला. संध्याकाळी विलास आला तेव्हा बोर्ड कोरा करकरीत, आणि काशिनाथ खाली शाबासकीची वाट बघत उभा.

"ओ काका, मी खास उडवून घेतलेला रंग तुमी भरलात!" विलास ओरडला. "कोणी सांगितलं तुमाला?"

काशिनाथनं माझ्याकडे बोट दाखवलं. विलासनं फोन करून मला तिथं बोलावून घेतलं होतं. गिऱ्हाईक भडकलेलं, चार माणसं जमलेली. मी म्हणालो, "अरे, वय झालं त्याचं. हल्ली त्याच्या काही ध्यानात राहत नाही."

काशिनाथनं ब्रश खिशात ठेवला. शिडी उचलून निघून गेला.

गोष्ट बाजारभर झाली. पेंटरचं डोकं गेलं, म्हणून लोक हसले, मग काम देईनासे झाले. मुरबाडच्या एका देवळाची पाटी त्याला ठरली होती, तीही दुसऱ्याकडे गेली. तो कायमचा लेकीकडे राहायला गेला. मी दोन वर्षं धसईची वाट धरली नाही.

गेलो तेव्हा तो पडवीत खाटेवर होता. लेक आत जाईपर्यंत थांबला आणि हळूच विचारलं, "शेठ, एक सांग. त्या दिशी तू मला जा म्हनला होतास ना? का मलाच तसं वाटलं?"

इतके दिवस हा स्वतःलाच तपासत बसला होता.

"मीच पाठवलं होतं, काशिनाथ. चेष्टा होती."

तो खाटेवर उठून बसला. मग हसला, मला एक सणसणीत शिवी दिली आणि म्हणाला, "मंग बरं. मी आपला रोज नातवांची नावं घोकतोय, इसरलो का नाय बघायला. आता हे बाजारात सांग. मला नको सांगूस, मला आता ठावं हाय."

मी सांगितलं. विलासला सांगितलं, देवळाच्या मंडळींना सांगितलं. विलासनं माझ्यापुढे चहा सरकवला. "शेठ, तुमचा भारी जीव त्यांच्यावर. त्यांच्यासाठी खोटं पण बोलता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. खोटं बोललो तेव्हा एका वाक्यात पटलं होतं.

काशिनाथ गेल्या माघात गेला. दहाव्याला आलेल्यांनी बोर्डाची गोष्ट पुन्हा काढली, मायेनंच. मी पुन्हा खरं सांगितलं, तर कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. वय माझंही झालंय ना. म्हणून जाड, न झिजलेल्या टाइपात छापतोय: काशिनाथ पेंटरचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठिकाणावर होतं. त्याला शिडीवर मी चढवलं.