साडूंच्या खिशातला तिळगूळ

जयपुरात जेवढी म्हणून काळजी आहे, तेवढी सगळी आदर्श नगरातल्या एकाच घरात मुक्कामाला होती, आणि ते घर माझ्या साडूंचं होतं. मी रेल्वेतला माणूस, गाडी कितीही उशिरा आली तरी मला जेवण जातं. साडूंच्या कारखान्यात एखादा फिटर नुसता जांभई देऊन गेला, तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. ‘आज तो मनानं कामावर नव्हता हो,’ म्हणत ते वरणभात चिवडत बसायचे आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमटी पुन्हा गरम करायला उठायची.

ही काळजी त्यांच्या गळ्यात पडली तीही एका सर्दीमुळे. ते पंख्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. माल वेळेवर निघेना, कामगार नुसत्या पाट्या टाकत होते, म्हणून शेठजींनी मीटिंग बोलावली आणि विचारलं, ‘इन लोगों में जोश लाना किसकी ज़िम्मेदारी है?’ मॅनेजर खिडकीबाहेर पाहू लागले, हिशेबनीस चष्मा पुसू लागले. डोक्यावर कारखान्याचाच पंखा गरगरत होता. साडूंचं नाक चोंदलेलं, म्हणून पंखा जरा कमी करा असं सांगायला त्यांनी हात वर केला. ‘शाबाश,’ शेठजी म्हणाले आणि मीटिंग संपली. दुसरा कोणी असता तर बाहेर येऊन हसला असता. साडूंना त्या दिवसापासून धड झोप नाही.

रोज सकाळी ते फाटकाशी उभे राहून प्रत्येकाचा चेहरा न्याहाळू लागले. भाषण करणं त्यांना जमणारं नव्हतं. संक्रांतीला तिळगूळ देऊन रुसवा काढायची आपली रीत, ती त्यांनी बारा महिने चालू केली. ताई बिचारी ऐन मे महिन्यात तीळ भाजायची. कोणाचा चेहरा उतरलेला दिसला की यांचा हात खिशात. पण ही रीत तिथे कोणाला ठाऊक? ज्याला पहिला लाडू मिळाला, त्याला नेमकं दुसऱ्याच दिवशी मॅनेजरनं झापलं. झालं. बाबूजींचा लाडू मिळाला की नोकरी गेली, अशी बोलवा उठली आणि सगळे दात काढत फाटकातून आत शिरू लागले. ‘खुश हैं बाबूजी, बहुत खुश हैं.’ साडू आणखीनच हवालदिल. मला म्हणाले, ‘हे हसणं खरं नाही हो. आतून काहीतरी बिघडलंय.’ शेवटी पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या रामदयालच्या घरी जाऊन त्यांनी ती रीत समजावून सांगितली, तेव्हा कुठे लोक आपणहून लाडू मागू लागले. लाडवाबरोबर बायकोचं आजारपण, भावाचं भांडण असं काय काय सांगू लागले. माल वेळेवर निघू लागला.

मग शेठजींनी कामगारांत जोश आणायला दिल्लीहून खास एक अधिकारी आणला. त्यानं फळ्यावर बाण काढले आणि साडूंना सांगितलं, ‘आप अब सिर्फ़ स्टोर देखिए.’ काळजी गेली, आता माणूस सुखानं जेवेल, असं आम्हांला वाटलं. साडूंनी जेवणच सोडलं.

संक्रांतीला आम्ही त्यांच्या गच्चीवर होतो. आभाळ पतंगांनी भरलेलं आणि हे पाठ करून बसलेले. इतक्यात रामदयाल जिना चढून आला आणि त्यानं तिळाचा लाडू पुढे केला. साडू पांढरेफटक पडले. ‘क्यों भैया, मुझसे कुछ गलती हुई?’

‘नहीं बाबूजी. पूछने आया हूँ, अब सुबह फाटक पर हमारा चेहरा कौन देखेगा?’

साडूंनी लाडू मोडला, अर्धा त्याला दिला. दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर घराबाहेर पडले. स्टोर उघडायच्या आधी फाटकाशी उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही, असं ताईला सांगून गेले. खिसा फुगलेला होता.

आता ते निवृत्त होऊन नाशिकला गेलेत. आमच्या कचेरीत साहेब आहेत, त्यांच्यावर साहेब आहेत. मी कधी उतरल्या चेहऱ्यानं आत शिरतो आणि उगाच वाटतं, कोणीतरी खिशात हात घालेल.