मोरीत गेलेली दालचिनी

दालचिनीचा वास आला की मला दिवाळी नाही, थोरल्या भावाची मोरी आठवते. त्या वर्षी त्याला भेट द्यायला मी घरीच डाळिंबाची रम मुरवायला घेतली. पहिल्यांदा बायकोच्या लोणच्याच्या बरणीत घातली, रमला हिंगाचा वास लागला आणि ओतून द्यावी लागली. मग नव्या बरणीत मोडनिंबची डाळिंबं, दालचिनी, लवंगा आणि रम घालून चाळीस दिवस रोज हलवली. पोरांच्या पाळण्यालाही मी एवढे झोके दिले नव्हते. पाडव्याला ती गाळून बाटलीत भरली आणि सात रस्ता चौकाजवळच्या त्याच्या घरी गेलो. त्यानं बूच काढून हुंगलं. "हातभट्टी काढलीस की काय रे? हितं साहेब लोक येतात," म्हणाला आणि पाहुण्यांदेखत बाटली मोरीत उपडी केली. त्याच्या विलायती बाटल्या मात्र कपाटात ओळीनं उभ्या होत्या. मी फराळाचं ताट सरकवलं आणि उठलो. घरी येईपर्यंत त्याचा उद्धार करत होतो. आज लिहितानाही कान तापलेत. बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या आईनं कुटून पाठवलेली शेंगाचटणी मागच्या दिवाळीला तुम्ही न उघडताच वॉचमनला देऊन टाकली. मी दोन दिवस तुमच्याशी बोलत नव्हते. कळलं तरी का तुम्हाला?"