चार मात्रांत पाच ठोके

बाबांच्या तालात चूक काढणारा माणूस अख्ख्या अंबरनाथमध्ये नव्हता. आठवडाभर कारखान्यात लेथ आणि रविवारी विहारातल्या गायन पार्टीत ढोलकी. गाणारा भरकटला की बाबा नुसती भुवई वर करायचे, तो गुमान जागेवर यायचा. त्यांचा तो रुबाब मी घालवला, एका परदेशी संगीतकाराच्या पाच सुरांपायी.

मी तेव्हा उल्हासनगरच्या लग्नांत, ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचो. सिनेमाची गाणी, समोर जेवणाच्या रांगा. तिथे कोणीतरी ऐकलं आणि मुंबईतल्या एका हौशी सिम्फनी मंडळीत चाचणीला बोलावलं. तयारीला त्या परदेशी संगीतकाराच्या नोटेशनचं एक पान दिलं. त्या संगीतकाराला म्हणे खोडच होती: कुठलीही सिम्फनी घ्या, हा गडी तोच ठेका घेऊन हजर. आधी दोन सूर, मग तीन. त्याची सहीच म्हणा ना.

नोटेशन मी पुस्तकातून अर्धवट शिकलेलो. पाचही खुणा सारख्याच दिसत होत्या. फक्त शेवटच्या तीन खुणांवर एक कंस आणि तीनचा बारीक आकडा. कॅसेट उल्हासनगरभर शोधली. एक दुकानदार हसला, "साईं, ये इधर कौन सुनता है?" मग पान बाबांपुढे ठेवलं.

"अरे, यात काय एवढं! दोन-तीन, दोन-तीन. झपतालच की हा," बाबा म्हणाले. "बघ, तीनचा खंड वर लिहूनसुद्धा दिलाय."

कुळगावच्या एका तबलजीकडे सायकल हाणत जाऊन ते झपताल शिकले होते. पार्टीच्या गाण्यांत तो फारसा लागत नसे. आता तो पोराच्या कामी येतोय म्हणून माणूस हरखून गेला. दोन आठवडे ड्युटीवरून आले की चहासुद्धा न घेता माझ्यासमोर टाळी धरून बसायचे. पाच मात्रा, पाचही सारख्या. त्या आकड्याबद्दल मला शंका होती, खोटं कशाला बोलू? पान देणाऱ्याने फोन नंबरही दिला होता. पण विचारलं तर आपण अडाणी दिसू, म्हणून मूग गिळून बसलो.

चाचणीत सगळ्यांबरोबर सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत मागे पडलो. तो आकडा सांगत होता की हे तीन सूर आधीच्या दोन सुरांएवढ्याच वेळात बसवा. म्हणजे एकूण मात्रा चार, आणि मी मोजत होतो पाच. दर वेळी सगळे एक मात्रा पुढे. कंडक्टरने दोनदा थांबवलं आणि तिसऱ्यांदा नुसतंच "थँक यू" म्हणाला.

घरी बाबा दारातच उभे. "काय रे? घेतलं ना?"

"घेतायत! तुमच्या झपतालाने वाट लावली माझी. येत नाही तर शिकवता कशाला? ढोलकी बडवणं वेगळं आणि म्युझिक वेगळं!"

बडवणं म्हणालो मी. बाबांना. आई आतून ओरडली, "लाज वाटते का काही?" वाटत होती. बोलतानाच वाटत होती, पण मेलं तोंड थांबलं नाही. बाबा "बरं" म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. दोन शिव्या हासडल्या असत्या, एक कानाखाली दिली असती, तर मी सुटलो असतो. माफी आज मागू, उद्या मागू करत आठवडा गेला.

रविवारी मीही विहारात गेलो. गाणं साध्या केरव्यातलं, शाळेतली पोरं बाकावर वाजवतात तसला. गाणाऱ्याने सूर लावला तरी ढोलकी सुरूच होईना. सगळे वळून बघायला लागले. बाबांनी हलक्या हाताने एक आवर्तन वाजवलं, थांबले, आणि एवढ्या माणसांतून माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर आहे ना रे हे?"