आईच्या हाताच्या मुंग्या

हिवाळा लागला आणि आई म्हणू लागली, हाताला मुंग्या येतात. मी लाखनीहून भंडाऱ्याला नोकरीसाठी अपडाउन करतो, त्यामुळे दिवसभर ती घरी एकटीच. आजूबाजूच्या बायकांना शुगर निघालेली, म्हणून माझ्याही डोक्यात तेच बसलं. तपासणीआधीच मी तिचा चहा बिनसाखरेचा करून टाकला. तपासणीत काही निघालं नाही, तरी माळ्यावर टाकलेला साखरेचा डबा मी खाली काढला नाही. एकदा ठरवलं की मी ऐकत नाही. आई म्हणते, हे बापावर गेलं.

बाबा गेल्यावर तिला सोबत म्हणून मी माशांची टाकी आणली होती. ऊन न येणारा कोपरा घरात एकच, बुद्धमूर्तीजवळचा, म्हणून टाकी तिथेच मांडली. सकाळी वंदना झाली की आई टाकीत पाणी घालायची, बोटांनी काचेवरचं शेवाळ पुसायची आणि माशांना गावभरच्या खबरा सांगायची. थंडीत मासे मरू नयेत म्हणून मी पाण्यात हीटर सोडला होता.

एका रविवारी तिच्याआधी मीच पाण्यात हात घातला. कोपरापर्यंत झटका बसला. टेस्टर बुडवला, तर त्यातला दिवा लागला. हीटरची काच तडकली होती. आई तिथे रोज अनवाणी उभी राहायची. फरशी ओली असती तर काय झालं असतं, या विचाराने मी आधी प्लग उपटला.

हीटर फेकला, पण नवा कधी तडकेल याचा काय नेम? मी प्लास्टिकच्या चपला आणल्या; वंदनेच्या जागी चपला कशा, म्हणून आईने त्या दाराबाहेर ठेवल्या. बटन बंद करून हात घाल म्हटलं, तर ती विसरायची. गळका करंट जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्याचा भरवसा नाही. दुकानदार म्हणाला, घरात एमसीबी आहेच ना. पण ती लोड वाढला की पडते, वायर वाचवते, आणि मला आई वाचवायची होती. बरीच हुज्जत घालून आरसीसीबी घेतली. करंट अंगातून जमिनीकडे जायला लागला की ती तत्क्षणी लाइन तोडते. सगळ्या घराला बसवली असती तर ती पडल्यावर आई एकटी अंधारात बसली असती, म्हणून फक्त टाकीपुरती बसवली.

मग आईला विचारलं, झटका बसत होता तर मुंग्या काहून म्हणत होतीस?

ती माशांकडे पाहत म्हणाली, "मले मालूम होतं करंट हाये म्हणून. तसं सांगतली असती त तू टाकी उचलून नेली असती. मंग मी दिवसभर कोनासंग बोलू?"

नेलीच असती. मला भरून आलं आणि तिचा रागही आला.

आरसीसीबीवर चाचणीचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. आईने त्यासाठी पौर्णिमा धरली. पहिल्या पौर्णिमेला वंदना आटोपून तिने बटन दाबलं. खट् आवाज झाला, टाकीतला दिवा गेला. खटका वर करून ती मला म्हणाली, "बराबर पडते. आता माह्या चायमंदी साखर टाकजो."

माशांसाठी तिने इतके दिवस बिनसाखरेचा चहा प्यायला होता.