लाल नाड्यांखालची दोरी

अर्नेस्टीन टॉलिव्हरच्या इस्त्रीखालून तेहतीस वर्षांत ब्राँक्समधल्या निम्म्या पाद्र्यांचे झगे गेले असतील. गेली दोन वर्षं लाँड्रीतून आल्यावर ती घरी बुटांच्या नाड्यांनाही इस्त्री करत होती. ब्रेकडान्स करणारी पोरं साध्या नाड्या आणत. ती त्या ओल्या करून ताणी, खळ मारी आणि बोटभर रुंद होईपर्यंत दाबी. मग बुटात ओवी. वरून फक्त आडव्या पट्ट्या, शिडीसारख्या. तिरकं काही दिसता कामा नये. भोकांच्या सात जोड्या असलेला बूट ती परत पाठवी, कारण विषम आकड्यात एक पट्टी तिरकी जातेच.

अशा पट्ट्या आवळता येत नाहीत, गाठही मारत नाहीत. बूट पायात नुसता असतो. चालायला ठीक. पण तिची भाची व्हर्निटा त्यात हातावर उभी राहून गिरक्या घेई.

शुक्रवारी अर्नेस्टीन मासे तळत होती, तेव्हा व्हर्निटा बूट घेऊन आली आणि खुर्चीत बसून तिने उजवा मोजा काढला. घोटा सुजला होता.

"कधीपासून?"

"तीन आठवडे. मावशी, ओरडू नकोस."

"कॅल्व्हिनला माहीत आहे? टोळी त्याची आहे."

"कळलं तर उद्याच्या सामन्यात माझ्या जागी त्याचा चुलतभाऊ नाचेल. सहा जणांत मी एकटी मुलगी. एकदा बाहेर बसले की परत कोण घेतंय मला?"

"मग साध्या नाड्या बांध घट्ट."

"म्हणजे पाटी लावूनच जाऊ की, पाय दुखतोय म्हणून!"

अर्नेस्टीनने गॅस बंद केला. लाँड्रीतले गठ्ठे बांधायची पांढरी सुती दोरी तिच्या खणात होती. आधी तिने लाल नाड्या नेहमीसारख्या ओवल्या. बुटाच्या आत नाडी एका भोकातून वरच्या भोकात उभी जाते. त्या उभ्या टाक्यांत तिने दोरी अडकवत नेली, पट्ट्यांखाली फुल्या घातल्या, वर आवळली आणि गाठ बुटाच्या जिभेमागे लपवली. बूट हलेना.

"दुखतंय?"

"नाही," व्हर्निटा फार पटकन म्हणाली.

त्या रात्री अर्नेस्टीनला झोप लागली नाही. पाय कायमचा गेला तर दोरी तिच्या हातची होती.

शनिवारी दुपारी सामन्याला, वस्तीच्या कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये ती तिसऱ्या रांगेत बसली. कॅल्व्हिन येऊन वाकला. "मिस अर्नेस्टीन, पट्ट्या इतक्या सरळ झाल्यात की आमची चालच वाकडी दिसणार."

"चाल तुझी आधीपासून वाकडी आहे," ती म्हणाली. त्याच वेळी सांगता आलं असतं. तिने पर्स बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. तो निघून गेला.

पहिली फेरी निभली. अर्नेस्टीनने नाच पाहिलाच नाही, उजवा बूट पाहिला. दुसऱ्या फेरीत व्हर्निटा डोक्यावर फिरून खाली आली, आणि लाल पट्टीवर पांढरं टोक दिसलं. वीतभर.

"ए, तिच्या बुटातून शेवया निघाल्या!" समोरच्या टोळीतला एक ओरडला. हॉल हसला.

कॅल्व्हिन हसला नाही. ठरलेल्या वेळेआधीच तो मध्ये उतरला, त्याने तिच्या खांद्याला हात लावून तिला बाहेर काढलं आणि तिचे उरलेले ठोके तो स्वतः नाचला. मग तिच्यासमोर गुडघा टेकून त्याने दोरीचं टोक बोटाने आत सारलं. दोरी कुठवर जाते ते चाचपलं. तो उठला. तिसऱ्या रांगेपर्यंत आला.

"हे मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो," अर्नेस्टीन म्हणाली.

तिसऱ्या फेरीत त्याचा चुलतभाऊ नाचला. बरा नाचला.

घरी जाताना व्हर्निटा चार चौक लंगडत चालली, मावशीचा हात न धरता. स्वयंपाकघरात तिने पाय खुर्चीवर ठेवला. अर्नेस्टीनने पट्ट्यांखाली कात्री सरकवली आणि दोरी चार ठिकाणी कापून बूट काढला. घोट्यापर्यंत फुल्यांचे वळ उठले होते.

"आता परत घेणार नाहीत मला."

"डॉक्टरकडे सोमवारी जायचं. मी सुट्टी काढते."

"मी काय म्हणतेय?"

"ऐकलं मी." अर्नेस्टीनने बर्फ फडक्यात बांधला. "पाय वर ठेव."