माळावर काहीच नव्हतं

सोनईकडून आमच्या गावाकडे येताना उजव्या हाताला माळ लागतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज संध्याकाळी तिथं जायचो, ते रातव्यासाठी. अंधारलं की हा पक्षी तोंड वासून उडता उडता किडे गिळतो आणि फरशीवर गोटी टाकावी तसा चुक-चुक-चुक ओरडतो. दिवसभर मात्र तो मातीच्या रंगाचा होऊन जमिनीवर पडून असतो. घरटं बांधायची भानगड नाही, अंडीही उघड्या मुरमावरच.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पुढाऱ्याला वृक्षारोपणाची हुक्की आली. खड्डे घ्यायला जेसीबी आला, तसा मी आडवा गेलो. म्हटलं, "इथं रातव्याची मादी अंड्यावर बसलीय." पुढारी वाकून बघू लागला. मादी त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर होती, पण जागची हलेल तर शपथ.

"कुठं हाय, सर? इथं तर काहीच न्हाई!"

सगळे खो खो हसले. जेसीबी पुढे सरकला. अगदी अंगावर आल्यावर मादी उडाली. अंड्यांना उडता येत नाही.

फोटो निघाले, ओसाड माळाचं नंदनवन करण्याची भाषणं झाली. दिवाळीपर्यंत रोपांच्या काड्या झाल्या. आता संध्याकाळी माळ मुका असतो. खड्डे तेवढे उरलेत आणि 'पक्षी वाचवा' असा एक फलक. त्यावर मोर रंगवलाय. तो सगळ्यांना दिसतो.