वहिनींचं हसण्याचं काम

वहिनींच्या हसण्याला तीन मजले आहेत. पहिल्या मजल्यावर नुसते खांदे हलतात, आवाज नसतो. दुसऱ्यावर शिंक येता येता अडावी तसा एक आवाज फुटतो. त्याच्याही वर गेलं, की त्या डोळे पुसत उठतात आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातात. या तीन मजल्यांवर बऱ्याच विनोदी मालिकांचं नशीब ठरलं आहे, आणि त्या मालिकावाल्यांना याचा पत्ताही नाही.

दिवसा वहिनी दाताच्या दवाखान्यात असतात. डॉक्टरीणबाई खुर्चीच्या उजवीकडे ड्रिल घेऊन, वहिनी डावीकडे थुंकी ओढणारी नळी घेऊन. मधे एक उघडं तोंड. अशी तोंडं बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, पण एकाही तोंडाने त्यांना कधी हसवलं नाही. त्यामुळे दिवसभराचं हसू साठवून त्या घरी आणतात.

घरी ते वाया जात नाही. वहिनींचे यजमान एका वर्तमानपत्रात टीव्हीवरच्या मालिकांची परीक्षणं लिहितात. दर शुक्रवारी अर्धं पान, आणि शेवटी पाचपैकी किती ते तारे. घरीदारी त्यांना परीक्षक म्हणतात. ऑफिसात, पाठीमागे, दगडोबा. गंभीर मालिका त्यांना आतून-बाहेरून कळते. कोणती 'संयत' आहे, कोणती 'संथ पण आशयघन', कुठे 'मौनाचा प्रभावी वापर' झालाय, म्हणजे कुठे कोणीच काही बोलत नाही, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. अडचण विनोदाची. विनोद कुठे आहे हे त्यांना दिसतं, तो कसा बांधलाय हेही समजतं. फक्त हसू येत नाही. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे वहिनींच्या वन्सं, पलीकडच्याच गल्लीत राहतात. त्या सांगतात, दादाला लहानपणी गुदगुल्या केल्या की तो शांतपणे विचारायचा, "कशासाठी?"

म्हणून परीक्षकांनी एक पद्धत बसवली होती. विनोदी मालिकेचे भाग प्रसारणाच्या आधी घरी आले, की वहिनींना सोफ्यावर टीव्हीसमोर बसवायचं. आपली खुर्ची टीव्हीकडे पाठ करून, तिरकी, सोफ्याकडे तोंड करून मांडायची, आणि वहिनींकडे बघत बसायचं. खांदे हलले तर अडीच तारे. आवाज फुटला तर साडेतीन. पाण्याला उठल्या तर साडेचार. पाच तारे आजवर कोणालाच मिळालेले नाहीत. पाच द्यायला वहिनींना काय व्हावं लागेल, हे परीक्षकांनी ठरवलेलं नाही.

लग्नानंतर वर्षभर वहिनींचा गोड गैरसमज होता. टीव्ही चालू असताना तो सोडून माणूस आपल्याकडेच टक लावून बघतो, म्हणजे केवढं प्रेम. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी लाजत लाजत सांगून टाकलं होतं. मग एका शुक्रवारी यजमानांचं परीक्षण वाचताना त्यांना ओळींमध्ये आपलेच खांदे दिसले. त्या रागावल्या नाहीत. कोणाच्या बायका नवऱ्यांचे डबे भरतात, आपण हसतो, एवढंच म्हणाल्या.

पण काम ते काम. डोकं दुखत असलं, की कोणा बिचाऱ्या लेखकाचा तारा कापला जायचा आणि वहिनींना टोचणी लागायची. एखाद्या जागी हसू आलं, की लगेच वाटायचं, जास्त तर नाही ना झालं? दवाखान्यात येणारी माणसं कालच्या मालिकेबद्दल भरभरून बोलायची, अर्थात दात काढण्याच्या आधी, आणि वहिनींना त्यांचा हेवा वाटायचा. ती माणसं मालिका बघत होती. वहिनींना मालिका बघताना कोणीतरी बघत होतं. हा फरक त्यांनी वन्संना एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला, तर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, निदान तुमच्याकडे तो बघतो तरी. आमचे हे मॅच लागली की मला ओळखतसुद्धा नाहीत."

अशात परीक्षकांना एक मान मिळाला. वर्षातली सर्वोत्तम विनोदी मालिका निवडणाऱ्या पाच जणांच्या समितीवर त्यांना घेतलं. ते दोन दिवस हरखून गेले, तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की मालिका एका छोट्या सभागृहात, सगळ्यांनी मिळून बघायच्या आहेत. तिथे सोफा नाही, आणि सोफ्यावर वहिनी नाहीत. एरवी जिने दणादण चढणारा त्यांचा गुडघा त्याच संध्याकाळी दुखायला लागला आणि हातात काठी आली. सोबतीला घरचं माणूस आणू द्यावं अशी विनंती समितीने मान्य केली.

वहिनींनी मात्र लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"येते. पण त्यानंतर एक मालिका मी बघणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही माझ्याकडे बघायचं नाही."

"अगं, एवढंच ना?"

"एवढंच. तोंड टीव्हीकडे."

परीक्षकांनी कबूल केलं. तेव्हा ते काहीही कबूल करायच्या मनःस्थितीत होते.

शेवटच्या फेरीत दोन मालिका होत्या. पहिली एका लॉन्ड्रीची: वडिलांचं दुकान वाट्याला आलेले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, सगळं गिऱ्हाइकांमार्फत कळवतात. दुसरी होती वडील वारल्यानंतरच्या एका घराची. ती विनोदी गटात का होती, तर तिचे भाग अर्ध्या तासाचे होते, आणि अर्ध्या तासाचं ते विनोदी असा नियम कोणीतरी करून ठेवला होता. या दुसरीवर देशभरचे परीक्षक फिदा होते. एकाने तिला 'न हसवणारा थोर विनोद' म्हटलं होतं.

सभागृहात पहिल्या रांगेत समिती बसली, आणि नियमाप्रमाणे सोबतीच्या माणसांना शेवटची रांग. शेवटच्या रांगेत वहिनी एकट्याच. तिथून त्यांना पाच डोकी दिसत होती: दोन टकली, एक नीट भांग पाडलेलं, एक अध्यक्षीणबाईंचा अंबाडा, आणि पाचवं घरचं.

आधी लॉन्ड्री लागली. आता गंमत अशी, की लॉन्ड्री वहिनींनी घरी बघितली होती आणि तेव्हा दोनदा पाण्याला उठल्या होत्या. पण गिऱ्हाईक शर्टाच्या खिशात भांडण घेऊन दुसऱ्या काउंटरवर जातं हे एकदा माहीत झाल्यावर माणूस पुन्हा किती हसणार? त्यात परकी जागा, थंडगार एसी. वहिनी शहाण्या मुलीसारख्या बसून राहिल्या. घरचं डोकं अधूनमधून मागे वळून बघत होतं. ते का वळतंय म्हणून शेजारचं टक्कल वळलं, मग अंबाडा, मग उरलेले. मागे कोणी हसत नाही हे पाहून सगळे पुन्हा समोर वळले. पुढच्या रांगेतही कोणी हसलं नाही. लॉन्ड्री आली तशी शांततेत गेली.

मग वडील वारलेलं घर लागलं. पडद्यावर तीन मुलगे वडिलांच्या रिकाम्या खुर्चीभोवती उभे होते. कोणी बोलत नव्हतं. मौनाचा प्रभावी वापर चालला होता. वहिनींनी पर्समधून हातरुमाल काढायला हात घातला आणि त्यांची खुर्ची करकरली. पाचही डोकी एकदम मागे वळली. काहीच झालेलं नाही असं बघून एकदम समोर गेली.

वहिनींचे खांदे हलले.

डोकी पुन्हा वळली. या वेळी टकलांवर पडद्याचा निळा उजेड पडला आणि वहिनींचा अडलेल्या शिंकेचा आवाज फुटला. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. पडद्यावर आता शोकसभा सुरू होती, आणि तिच्यासमोर पाच गंभीर चेहरे पडद्याला पाठ करून, अंधारात आपल्याकडे बघताहेत हे पाहिल्यावर वहिनींना राहवेना. त्या डोळे पुसत उठल्या आणि पाणी प्यायला बाहेर पडल्या. दार त्यांच्यामागे जरा जोरातच आपटलं. परत आल्या तेव्हा अंबाड्याने आधीच मागे वळून त्यांची वाट बघायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्यांना पुन्हा बाहेर जावं लागलं.

मध्यंतरात अध्यक्षीणबाईंनी त्यांना पाण्याच्या मशीनपाशी गाठलं. या बाई परीक्षणात अशी काही रेवडी उडवायच्या, की नटमंडळी त्यांना वचकून असत. त्यांनी इकडेतिकडे बघून हळू आवाजात विचारलं, घरी नेहमी तुम्हीच हसता का.

"मीच," वहिनी म्हणाल्या.

"आमच्याकडे माझी भाची हसते. पण ती परगावी नोकरीला गेली. तुम्ही आलात, फार बरं झालं हो."

वहिनींना तेव्हा उमगलं. पुढच्या रांगेतले सगळे हात हलवत आले होते आणि एकट्या त्यांच्या जिवावर बसले होते.

परतीच्या टॅक्सीत परीक्षक खुशीत होते. वडील वारलेल्या घराला आपण साडेचार देणार, असं ते म्हणत होते. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. गप्प बसलं तर सगळं सुरळीत होतं: यजमान खूश, समिती खूश, आणि कबूल केलेली मालिका हातात. खरं सांगितलं, तर काम नीट केलं नाही म्हणून सौदा मोडायला यजमान मोकळे. पण एका सिग्नलला कोपऱ्यावर एक लॉन्ड्री लागली. काउंटरवर एकच माणूस होता, इस्त्री करत होता, आणि तो मालिकेतला भाऊ नव्हता हे वहिनींना माहीत होतं. तरी त्या बोलल्या.

"मी त्या मालिकेला हसले नाही."

"म्हणजे?"

"तुमच्या पाच डोक्यांना हसले. सारखी वळत होती. पडद्यावर काय चाललं होतं, मला ठाऊकसुद्धा नाही."

घर जवळ आल्यावर परीक्षक एवढंच म्हणाले, की मग ठरलं होतं ते काम झालंच नाही म्हणायचं. वहिनी नाही म्हणाल्या नाहीत. खोटं काय होतं त्यात? रात्रीचं जेवण अत्यंत संयत झालं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. परीक्षक गुडघ्याची काठी घरीच विसरून गेले आणि संध्याकाळी पायातले बूटही न काढता सोफ्याच्या कडेवर येऊन बसले. बैठकीत त्यांनी उभं राहून सगळं सांगून टाकलं होतं: आमची ही मालिकेला हसली नाही, आपल्याला हसली, तेव्हा माझं मत लॉन्ड्रीला. मग नीट भांग पाडलेले गृहस्थ हळूहळू मान डोलवू लागले. ते म्हणाले, हेच तर त्या मालिकेचं सामर्थ्य, की ती बघणाऱ्याला आपल्याच माणसांकडे बघून हसायला लावते. अध्यक्षीणबाईंनी हे वाक्य लिहून घेतलं. चार विरुद्ध एक मतांनी वडील वारलेलं घर सर्वोत्तम विनोदी मालिका ठरलं, आणि मानपत्रात ते वाक्य जसंच्या तसं गेलं. वर या मर्मदृष्टीबद्दल परीक्षकांचे खास आभार.

ही हकिगत कानावर पडताच वन्सं आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "दादा, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललास, तर तुला विद्वान ठरवलं त्यांनी."

वन्सं गेल्यावर परीक्षकांनी बूट काढले. तुला ती मालिका खरोखर कशी वाटली, असं त्यांनी विचारलं.

"मी बघितली कुठे?"

"मीही नाही," परीक्षक म्हणाले. "मी तुला बघत होतो."

मग ते उठले आणि आपली तिरकी खुर्ची त्यांनी उचलली. इतक्या वर्षांत तिच्या पायांचे जमिनीवर चार डाग पडले होते. खुर्ची त्यांनी सोफ्याशेजारी, टीव्हीकडे तोंड करून ठेवली.

रविवारी दुपारी दोघांनी वडील वारलेलं घर पहिल्यापासून लावलं. वहिनींना ते आवडलं. रिकाम्या खुर्चीच्या प्रसंगाला त्यांना चक्क रडू आलं, आणि ते कोणी मोजत नाहीये हे लक्षात आल्यावर त्यांनी ते मोकळेपणी येऊ दिलं. परीक्षक ठरल्याप्रमाणे समोर बघत होते. मान जरा ताठ होती, सवय नव्हती ना.

मग शोकसभा आली. पडद्यावर नातेवाईक रांगेने बसले होते, कोणीतरी वडिलांबद्दल बोलत होतं, आणि मागच्या रांगेत एका बाईचा फोन वाजला. पुढच्या रांगेतली सगळी डोकी एकदम मागे वळली. त्यात दोन टकली होती.

शेजारच्या खुर्चीवर काहीतरी हललं. वहिनींनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. परीक्षकांचे खांदे हलत होते. ते दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते, आणि घशातून एक बारीक, गंजलेला आवाज येत होता.

"अगं, तू समोर बघ," ते कसेबसे म्हणाले.

वहिनी समोर बघू लागल्या. साडेतीन, त्यांनी मनात म्हटलं. मग परीक्षक उठून स्वयंपाकघरात गेले आणि आतून पाण्याच्या भांड्याचा आवाज आला.